टाके निघाले, आता बांधीत कधी उतरावे?

शस्त्रक्रियेनंतर शरीराची ताकद टप्प्याटप्प्याने परत कशी मिळवावी, याविषयी धानपट्ट्यातील वाचकांसाठी उपयुक्त माहिती

आसगाव (जि. भंडारा) : पवनी तालुक्यातील आसगाव हे चौरास भागातील गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातील या परिसराचे वर्ष धानाच्या वेळापत्रकाप्रमाणे चालते. मृगाच्या पावसाबरोबर पऱ्हे टाकायचे, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी उरकायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी करायची आणि पाण्याची सोय असेल तर पुन्हा उन्हाळी धान घ्यायचे. या वेळापत्रकात आजारपणासाठी राखून ठेवलेला रकाना नाही. हर्निया, अपेंडिक्स, गर्भाशय, सिझेरियन किंवा हृदय यांपैकी कोणतीही शस्त्रक्रिया कोणत्याही महिन्यात करावी लागू शकते; रोवणी मात्र कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा जखमेविषयीचा नसतो. 'कामावर कधी जाता येईल?' हा तो प्रश्न असतो.

रुग्णालयातून सुटी होताना मिळणाऱ्या कागदावर याचे उत्तर सहसा दोन ओळींत असते : 'विश्रांती घ्यावी. जड वजन उचलू नये.' जड म्हणजे किती किलो, विश्रांती म्हणजे खाटेवर पडून राहणे की घरात हिंडणेफिरणे, आणि हे सारे किती दिवस, याचा उलगडा त्या दोन ओळींतून होत नाही. परिणामी दोन टोके दिसतात. कोणी टाके निघाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात धानाचे पोते पाठीवर घेतो, तर कोणी तीन-तीन महिने बाजेवरून उठत नाही. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही टोके घातक आहेत. टाके निघणे ही कातडी जुळल्याची खूण आहे. ताकद परतल्याची नव्हे. आणि ताकद पडून राहिल्याने परतत नाही, ती मोजूनमापून केलेल्या हालचालीनेच परतते.

जखम बाहेरून भरते, आतून भरावी लागते

शस्त्रक्रियेत कातडीखालील चरबी, स्नायूंवरील मजबूत आवरण आणि कधी हाडही कापले जाते. हे सर्व थर एकाच वेगाने भरत नाहीत. वरची कातडी सात ते चौदा दिवसांत जुळते, म्हणून टाके काढले जातात. परंतु पहिल्या आठवड्याच्या अखेरीस जखमेची ताण सोसण्याची क्षमता निरोगी कातडीच्या सुमारे १० टक्केच असते. पुढील काही आठवड्यांत ती झपाट्याने वाढते आणि तीन महिन्यांच्या सुमारास ७० ते ८० टक्क्यांवर येऊन स्थिरावते. मूळची शंभर टक्के ताकद त्या रेषेला पुन्हा लाभत नाही. पोटाच्या आवरणाचेही तसेच आहे. ते भरण्यास कातडीपेक्षा अधिक काळ लागतो.

हे आवरण पुरते भरण्यापूर्वी पोटावर वारंवार ताण आला, तर ते आतल्या आत उसवू शकते. वरची कातडी शाबूत असल्याने सुरुवातीस काही कळत नाही. काही महिन्यांनी मात्र उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर जुन्या व्रणापाशी फुगवटा दिसू लागतो. यालाच व्रणातील हर्निया म्हणतात आणि त्यासाठी बहुतेक वेळा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. एक हंगाम वाचविण्याच्या घाईत पुढचा हंगाम हातचा जातो तो असा.

हा ताण केवळ ओझ्याने येतो असे नाही. जुना खोकला, शौचास कुंथणे, बाजेवरून एकदम झटक्याने उठणे यांनीही पोटातील दाब वाढतो. म्हणूनच खोकल्यावर व बद्धकोष्ठतेवर वेळीच उपचार करणे हा शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचाच भाग आहे.

खाटेचे नुकसान

एके काळी मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दोन-तीन आठवडे अंथरुणातून हलू दिले जात नसे. रुग्णांना लवकर उठवावे, असे मत शिकागोचे शल्यचिकित्सक एमिल रिस यांनी १८९९ मध्येच मांडले होते. परंतु ते रुळण्यास अनेक दशके जावी लागली. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात वेदनाशमन, लवकर आहार आणि लवकर चालणे यांची एकत्रित सांगड घालून दाखविली. रुग्णास शक्य तर शस्त्रक्रियेच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी उभे करण्याची आजची पद्धत याच विचारातून दृढ झाली.

खाटेवर पडून राहिल्याने नेमके काय होते, हे १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे झालेल्या प्रसिद्ध प्रयोगातून दिसून आले. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. तेवढ्या काळात त्यांची दमश्वासाची क्षमता मोठ्या प्रमाणावर घटली. तीस वर्षांनंतर त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वाढत्या वयाने झालेली घट ही त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी असल्याचे आढळले. ज्येष्ठांना तर ही किंमत अधिक मोजावी लागते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ११ निरोगी ज्येष्ठ व्यक्तींना १० दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू घटले होते.

याशिवाय पडून राहणाऱ्या रुग्णाच्या पोटरीतील नीलांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा आणि फुफ्फुसाच्या तळाशी कफ साचून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. विश्रांती याचा अर्थ ताणापासून विश्रांती असा घ्यावयाचा, हालचालीपासून नव्हे.

नागपूरच्या मैदानावरील दाखला

शरीर परत घडविण्यास किती अवधी लागतो, याचे एक उदाहरण विदर्भातील क्रीडारसिकांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. सचिन तेंडुलकर यांच्या कोपरावर मे २००५ मध्ये लंडन येथे 'टेनिस एल्बो'ची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते आंतरराष्ट्रीय मैदानावर परतले ते २५ ऑक्टोबर २००५ रोजी, नागपूर येथे श्रीलंकेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात. त्या दिवशी त्यांनी ९३ धावा केल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीत त्यांनी ३५ वे कसोटी शतक झळकावून सुनील गावसकर यांचा ३४ शतकांचा विक्रम मागे टाकला. पुढे मार्च २००६ मध्ये त्यांच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबर २००६ मध्ये क्वालालंपूर येथे वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १४१ धावा करून ते पुन्हा उभे राहिले.

येथे लक्षात घ्यावयाची बाब धावांची नाही, मधल्या महिन्यांची आहे. सर्वोत्तम शल्यचिकित्सक, भौतिकोपचार तज्ज्ञ आणि बत्तीस-तेहतीस वर्षांचे कसलेले शरीर हाताशी असतानाही दोन्ही वेळा पाच-सहा महिने द्यावे लागले. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर थेट बॅट हाती घेऊन चेंडू टोलवायचा नसतो. आधी सांध्याची हालचाल, मग हलका व्यायाम, मग सराव आणि सर्वांत शेवटी सामना, असा हा क्रम असतो. शेतकऱ्याच्या बाबतीत रोवणी, कापणी आणि पोती वाहणे हा 'सामना' आहे. सरावाच्या पायऱ्या गाळून तेथे उतरणे हा 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' असा प्रकार ठरतो.

पहिले दोन आठवडे : श्वास, ऊठबस आणि अंगणातील फेऱ्या

पुढे दिलेले टप्पे पोटाच्या मध्यम स्वरूपाच्या शस्त्रक्रियेला धरून आहेत. प्रत्येक रुग्णाची प्रकृती व शस्त्रक्रिया निराळी असल्याने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला हाच अंतिम मानावा.

या काळातील पहिला व्यायाम श्वासाचा. दर तासाला आठ-दहा वेळा नाकाने खोल श्वास घ्यावा, दोन-तीन सेकंद रोखावा आणि तोंडाने सावकाश सोडावा. रुग्णालयातून तीन चेंडूंचे श्वसनयंत्र दिले असल्यास ते घरी कपाटात न ठेवता वापरावे. खोकला आल्यास उशी किंवा घडी केलेली चादर जखमेवर हलकेच दाबून धरावी. त्यामुळे वेदना कमी होतात व टाक्यांवरील ताण हलका होतो.

दुसरी गोष्ट उठण्याची. ग्रामीण भागातील सैल विणीची बाज मध्यभागी खोलगट असते. तिच्यावरून सरळ उठताना सारा भार पोटाच्या स्नायूंवर येतो. त्याऐवजी आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने बसते व्हावे. क्षणभर थांबून मग उभे राहावे. शक्य असल्यास या दिवसांत घट्ट विणलेली बाज किंवा लाकडी पलंग वापरावा.

तिसरी गोष्ट चालण्याची. सुरुवातीस घरातल्या घरात किंवा अंगणात पाच-पाच मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या पुरेशा होतात. दर एक-दोन दिवसांनी प्रत्येक फेरी एक-दोन मिनिटांनी वाढवावी. पडल्या पडल्या पायाची पावले वर-खाली हलविण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करावा. त्याने पोटरीतील रक्त खेळते राहते.

तिसरा ते सहावा आठवडा : रस्त्यावरचे चालणे आणि पाण्याचे माप

दुखणे आटोक्यात असेल, ताप नसेल आणि जखम कोरडी असेल, तर या टप्प्यात चालणे अंगणाबाहेर नेता येते. सपाट रस्त्यावर दिवसातून दोनदा पंधरा मिनिटे, मग वीस, मग तीस अशी वाढ करावी. वेग ठरविण्यासाठी घड्याळाची गरज नाही. चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग योग्य समजावा. बोलताना धाप लागत असेल तर वेग अधिक आहे, असे जाणून तो कमी करावा.

वजनाचा प्रश्न येथेच उभा राहतो. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पहिले चार ते सहा आठवडे चार-पाच किलोंहून अधिक ओझे उचलू नये, असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. घरी वजनकाटा नसला तरी पाणी हे उत्तम माप आहे, कारण एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. पाच लिटरची भरलेली कॅन ही या काळातील कमाल मर्यादा. भरलेला हंडा आकारानुसार दहा ते पंधरा किलोंचा आणि मोठी बादली पंधरा ते वीस किलोंची भरते. युरियाची गोणी ४५ किलोंची असते, तर धानाचे पोते सामान्यतः ४० किलोंचे. म्हणजे विहिरीवरून किंवा नळावरून आणलेला एक हंडादेखील ठरवून दिलेल्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट असतो. घरातील पाणी भरणे 'हलके काम' समजून बाईच्या वाट्याला जाते, तेव्हा हा हिशेब कुटुंबाने अवश्य करावा. कडेवर घ्यावयाचे दोन-तीन वर्षांचे मूलही दहा-बारा किलोंचे असते, हेही ध्यानात असू द्यावे.

सहा आठवड्यांनंतर : आधी सराव, मग शेत

सहाव्या आठवड्याच्या सुमारास फेरतपासणी करून घेतल्यानंतर स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम सुरू करता येतात. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे, पायरी चढणे-उतरणे हे साधे प्रकार घरी होण्यासारखे आहेत. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, आठवड्यातून दोन ते तीन दिवस, हे प्रमाण सुरुवातीस ठीक. जोर लावताना श्वास रोखू नये. उचलताना श्वास सोडावा. सरळ पायांनी उठाबशा काढणे वा पोटाला एकदम ताण देणारी आसने या टप्प्यात टाळावीत.

वजन वाढविताना एक सोपा नियम पाळावा. आज उचललेल्या ओझ्याने उद्या सकाळी जखमेत ओढ किंवा दुखणे नसेल, तरच आठवडाभराने थोडी वाढ करावी. दुखणे वाढले तर मागच्या पायरीवर यावे. तो पराभव नव्हे.

शेतीची कामेही याच पद्धतीने चढत्या क्रमाने लावता येतात. पाण्यावर लक्ष ठेवणे, मजुरांच्या कामावर देखरेख, बसून करावयाची निवडटिपण ही कामे आधी घ्यावीत. उभ्याने करावयाची हलकी कामे त्यानंतर. रोवणी व निंदण यांत ओझे नसले तरी तासन् तास कमरेत वाकावे लागते, म्हणून सुरुवातीस अर्धा-पाऊण तास काम आणि मग सरळ उभे राहून विसावा, असे करावे. भारे बांधून डोक्यावर घेणे, पोती उचलणे, चिखलात नांगर वा पॉवर टिलर सांभाळणे ही कामे सर्वांत शेवटी, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिन्यांनी.

बांधीतील चिखलपाण्याविषयी वेगळी दक्षता हवी. जखम पूर्ण कोरडी होऊन खपली पडेपर्यंत गढूळ पाण्यात उतरू नये. पायावरची शस्त्रक्रिया झालेल्यांनी निसरड्या धुऱ्यावरून चालणे टाळावे. दुचाकीही, अचानक ब्रेक दाबताना दुखणार नाही याची खात्री पटल्याखेरीज चालवू नये.

शस्त्रक्रिया तशी मुदत

सर्वांना एकच मुदत लागू पडत नाही. दुर्बिणीद्वारे केलेल्या अपेंडिक्सच्या किंवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत दैनंदिन कामे झेपतात. पोट उघडावे लागले असल्यास अवजड कामाला सहा आठवडे वा अधिक लागतात. जांघेतील हर्नियात जाळी बसविली असल्यास त्रास होणार नाही इतपत हालचाल लवकर सुरू करावी, असे अलीकडची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पोती वाहण्यासारख्या कामाची मुदत मात्र डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

स्त्रियांच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन दिवस विश्रांती आणि किमान एक आठवडा जड कामापासून सुटी आवश्यक असते. सिझेरियननंतर सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. गर्भाशय काढल्यावर सहा ते आठ आठवडे ओझे टाळावे. या दोहोंनंतर लघवी व शौचाची जागा आवळून सैल सोडण्याचा ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम, डॉक्टरांना विचारून, बसल्या जागी करता येतो. खोकताना लघवी सुटण्याचा त्रास त्याने कमी होतो. ज्याविषयी अनेक स्त्रिया संकोचाने बोलतच नाहीत.

हृदयाच्या बायपासमध्ये छातीचे मधले हाड कापून तारेने जोडलेले असते. ते सांधण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर दोन्ही हातांनी रेटणे, ओढणे, हातपंप मारणे वर्ज्य. चालणे मात्र रोजचे औषध समजावे. अँजिओप्लास्टीमध्ये हाड कापले जात नाही, तरी झटका येऊन गेला असल्यास हृदयाच्या स्नायूला वेळ द्यावा लागतो.

गुडघेबदलानंतर रुग्णाला एक-दोन दिवसांतच वॉकरच्या आधाराने चालविले जाते. माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० व २००१ मध्ये अशा शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा हा विषय घरोघरी पोहोचला. गुडघा वाकविण्याचे व मांडीचे स्नायू आवळण्याचे व्यायाम पहिल्या आठवड्यापासून नेमाने केले नाहीत, तर सांधा आखडतो. खाली मांडी घालणे आणि उकिडवे बसणे डॉक्टरांच्या परवानगीखेरीज नको. त्यासाठी शौचाला खुर्चीची सोय शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवावी.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

भंडारा जिल्ह्यातील अनेक तरुण-तरुणी पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीचा सराव करताना दिसतात. शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावणे, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोंचा, महिलांचा ४ किलोंचा. अपेंडिक्स किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या उमेदवाराने आधी अर्धा तास भरभर चालणे विनासायास जमते का, हे पाहावे. ते आठवडाभर जमले तर एक मिनिट संथ धावणे व दोन मिनिटे चालणे अशा आळीपाळीने सुरुवात करावी. संथ धावणे सलग वीस मिनिटे होऊ लागल्यावरच वेगाकडे वळावे. गोळाफेकीत पोटाला एकाएकी पीळ बसतो, म्हणून तिचा सराव सर्वांत शेवटी. भरतीची तारीख जवळ आली म्हणून क्रम बदलू नये.

सुटी नसलेल्यांचे काय?

वरील सर्व मुदती कागदावर सोप्या वाटतात. मजुरीवर पोट असणाऱ्या कुटुंबात सहा आठवडे म्हणजे सहा आठवड्यांची बुडालेली रोजी. याचे भीषण रूप २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या निमित्ताने राज्यासमोर आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला. सर्वेक्षणातील ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढण्यात आल्याचे त्या वेळी स्पष्ट झाले. कामात खाडा नको, या दडपणाखाली स्त्रीचे शरीर कसे भरडले जाते, हे त्यातून दिसले. ज्या कामासाठी शस्त्रक्रिया उरकली जाते, त्याच कामावर पुरेशा विश्रांतीविना परतावे लागणे, हे त्या चक्राचे दुसरे टोक आहे.

यावर संपूर्ण उपाय एका कुटुंबाच्या हाती नाही. तरीही तातडीची नसलेली शस्त्रक्रिया, डॉक्टर थांबण्यास हरकत नाही असे म्हणत असतील तर, रोवणी-कापणीच्या तोंडावर न करता मधल्या मोकळ्या महिन्यांत ठरविता येते. नात्यातील वा शेजारच्या कुटुंबाशी कामाची अदलाबदल करता येते. रोजी बुडण्याच्या भीतीने दुखणे लपविण्यापेक्षा हे मार्ग परवडणारे आहेत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेकांच्या शस्त्रक्रियेचा खर्च भागतो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना पुढील वर्षी राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. सुटीनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी व औषधे यांचा तिच्यात समावेश असतो. काही आजारांसाठी पाठपुराव्याची स्वतंत्र सोयही आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे त्याची चौकशी करावी. शरीर भरून येण्याचा काळ मात्र १० दिवसांत संपत नाही, हे लक्षात ठेवून पुढील तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे.

भात, खर्रा आणि ऊन

भात खाल्ल्याने जखमेत पू होतो, डाळ वा अंडे खाल्ल्याने जखम चिघळते, असे समज खेड्यापाड्यांत अजून आढळतात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. उलट जखम भरण्यासाठी प्रथिनांची अधिक गरज असते. वरण-भात, तूर-मुगाची डाळ, दूध, अंडी, तलावातील मासोळी, हिरव्या भाज्या, आवळा-लिंबू यांतील जे झेपेल ते खावे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा डॉक्टरांनी सांगितलेले विशिष्ट पथ्य असल्यास ते अर्थातच पाळावे.

खर्रा व विडी यांना मात्र सक्त मनाई. तंबाखूतील निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेस रक्तपुरवठा कमी पडतो आणि ती उशिरा भरते. विडीमुळे होणारा खोकला टाक्यांवर ताण आणतो तो वेगळाच.

पूर्व विदर्भात सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. या रुग्णांना शरीरातील पाणी कमी होणे, थंडी किंवा अतिश्रम यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनी व्यायाम अधिक सावकाश वाढवावा आणि पाणी भरपूर प्यावे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सर्वांनीच चालण्याचा व्यायाम सूर्योदयाच्या आसपास उरकणे हितावह.

या खुणा दिसताच दवाखाना

पुढीलपैकी काहीही आढळल्यास व्यायाम व काम थांबवून तातडीने डॉक्टरांना दाखवावे :

• एका पोटरीला सूज, दुखणे वा ऊब जाणवणे.
• अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, चक्कर येणे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
• ताप, जखमेभोवती लाली, पू किंवा दुर्गंधी.
• जखम उसवणे किंवा व्रणाजवळ नवा फुगवटा.
• सतत उलट्या, पोट फुगणे, शौच व वायू बंद होणे.
• गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर अंगावरून अधिक रक्त जाणे.

सुटी होण्यापूर्वी विचारावयाचे पाच प्रश्न

कागदावरील दोन ओळी अपुऱ्या असतील, तर रुग्णाने किंवा सोबतच्या नातेवाइकाने पाच प्रश्न विचारून उत्तरे त्याच कागदावर लिहून घ्यावीत. किती किलोपर्यंत उचलू आणि कोणत्या तारखेपर्यंत? वाकून काम, जिना आणि दुचाकी यांना परवानगी केव्हा? कोणता व्यायाम आजपासून आणि कोणता नंतर? फेरतपासणी कोणत्या दिवशी? काय झाले तर लगेच यावे? आपण रोवणी करतो, पोती वाहतो की शिलाई यंत्रावर बसतो, हेही डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. कारण 'हलके काम' या शब्दाचा दवाखान्यातील अर्थ आणि बांधीतील अर्थ एकच असेल, असे नाही.

पऱ्हे उपटून बांधीत लावले की पहिले काही दिवस ते पिवळे पडलेले दिसतात. मुळे धरेपर्यंत शेतकरी त्यांना हात लावत नाही, पण पाणीही तोडत नाही. शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसालाही तेवढाच धीर आणि तेवढीच रोजची निगा लागते. पिकासाठी जो संयम चौरासच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, तो त्याने स्वतःच्या आणि घरातील स्त्रीच्या शरीरासाठीही बाळगला, तर पुढचा हंगाम दोन्ही पायांवर उभे राहून घेता येईल.